आधी तिरपं, मग गोल

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी फॉन्ट करायला शिकलो. शिकलो म्हणजे, नुकसान भरत भरत. नोड म्हणजे अक्षराच्या कडेवरचे बिंदू आणि हँडल म्हणजे त्यांतून निघणाऱ्या, वळण ओढायच्या दांड्या, एवढं ठाऊक आहे असं धरून लिहितोय.

गोल टोकांचा, तिरपा, एकसारख्या जाडीचा टाईप सगळ्यात सोपा वाटतो. मलाही वाटला. एका रसवंतीची पाटी होती, दहा बाय तीन. गोल टोकांची अक्षरं तयारच होती. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश स्क्यू केली, म्हणजे तिरपी ओढली आणि छापायला टाकली. रसवंतीवाले रस्त्यापलीकडून बघत म्हणाले, "अक्षरं पडायलीत का हो, भाऊ?" फ्लेक्सचे पैसे माझ्या पगारातून गेले.

झालं काय होतं? स्क्यू करताना बिंदू फक्त आडवा सरकतो, वरचा जास्त, खालचा कमी. त्यात अर्धवर्तुळ अर्धवर्तुळ राहत नाही. कान्याचं खालचं टोक डावीकडे टोचरं आणि उजवीकडे चपटं झालं, एका बाजूने झिजलेल्या चपलेसारखं. 'व'चं पोट खाली डावीकडे सुजलं, वर डावीकडे रोडावलं. म्हणून टोकं चौकोनी असतानाच अक्षर कलवा. मग वळणांच्या टोकाशी नवे नोड घ्या, जाडी हाताने सारखी करा, दांडीचं टोक दांडीला काटकोनात कापा. गोलाई सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगतो, सगळ्यात शेवटी! आणि चौकोनी फाईल वेगळी जपून ठेवा, कारण गोल केलेलं परत चौकोनी करत बसणं म्हणजे नव्याने काढणंच.

शिरोरेषेला टोकं आपोआप गोल करणारा फिल्टर लावू नका. अक्षरागणिक टोक गोल झालं की जोडावर खाचा पडतात, मण्यांची माळ दिसते.

इटॅलिक, म्हणजे तिरपं अक्षर, मुळात रोमन लिपीची रीत; १५०१ साली व्हेनिसच्या आल्डस मनुटियस यांनी त्यात अख्खं पुस्तक छापलं. देवनागरीत तशी जुनी परंपरा नाही, त्यामुळे बिचकू नका, चुकायला भरपूर जागा आहे. 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा बालू हा फॉन्ट फुकट मिळतो, गोलसर आहे, त्यात तिरपा नाही. उघडून बघा, सरावाला उत्तम. आठ दिवसांत फॉन्ट शिकवणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. तेवढ्या पैशात एखाद्या जुन्या पेंटरला महिनाभर चहा पाजा आणि तो ब्रश उचलताना मनगट कसं फिरवतो ते बघा. मला निम्मी अक्कल तिथेच आली.

असा टाईप शोभतो कुल्फीच्या गाडीवर, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानावर, टेम्पोच्या मागच्या रेडियमवर. रेडियमला तर खासच, गोल कोपरा लवकर उचलत नाही. लग्नपत्रिकेतल्या सात पॉइंटाच्या बारीक मजकुरात टोकांची गोलाई दिसत नाही, अक्षर नुसतं पुसट वाटतं. तिथे सरळ मुक्ता हा फॉन्ट लावा आणि घरी जा.