केंद्र-राज्य अधिकारांचे निकाल वाचताना: आधी नोंद शोधा, अनुच्छेद २५४ नंतर

केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांवरचे निकाल अभ्यासायला घेतलेत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक तक्ता पाठवतं. डावीकडे खटल्याचं नाव, मध्ये वर्ष, उजवीकडे एक ओळ. तो तक्ता टाकून देऊ नका, परीक्षेच्या आदल्या रात्री कामाला येतो. पण अभ्यासाची सुरुवात त्याने केलीत तर खटल्यांची नावं ओळखीची होतात आणि समोर आलेला प्रश्न मात्र ओळखता येत नाही. मी मराठी माध्यमातून, कला शाखेतून कायद्याकडे आले. आता वकिली करते आणि संध्याकाळी एलएलबीची व राज्यसेवेची काही मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या वह्यांत तीच एक-एक ओळ दिसते तेव्हा आजही पोटात कालवतं, कारण त्या ओळींनी मला किती दिवस अडकवून ठेवलं होतं ते मला ठाऊक आहे.

सातवी अनुसूची, तिच्यातल्या केंद्र, राज्य आणि समवर्ती (दोघांच्याही अधिकारातल्या विषयांची) या तीन सूची, सूचीतला एकेक विषय म्हणजे नोंद, अनुच्छेद २४६, शेषाधिकार हे तुम्हाला येत असेल असं धरून चालते. ते येत नसेल तर निकालांना हात लावू नका.

मला सर्वांत जास्त छळलं ते अनुच्छेद २५४ ने, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्यांत विसंगती असली तर कोणता टिकतो हे सांगणाऱ्या अनुच्छेदाने. राज्याचा आणि केंद्राचा कायदा एकमेकांना आडवे जाताना दिसले की हात आपोआप तिकडे जातो. विसंगती आहे, म्हणून केंद्राचा कायदा टिकणार. राष्ट्रपतींची संमती आहे, म्हणून राज्याचा टिकणार. दोन वाक्यांत उत्तर संपतं आणि बऱ्याचदा चुकतं. सराव चाचणीच्या माझ्या एका पेपरावर परीक्षकांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: '२५४ इथे आलं कुठून?' त्या प्रश्नाचं उत्तर मला वर्गात कुणी दिलं नाही, ते निकालांतच सापडलं. म्हणून इथे जरा जास्तच वेळ घेते.

२५४ ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी अशी: हा कायदा मुळात कोणत्या सूचीतल्या कोणत्या नोंदीत बसतो? तो पूर्ण वाचायचा, त्याचा हेतू, व्याप्ती आणि परिणाम बघायचा आणि मग त्याचा गाभा ठरवायचा. यालाच आपण पिथ अँड सबस्टन्स म्हणतो. गाभा राज्य सूचीत असेल तर केंद्राच्या विषयाला ओझरता धक्का लागला म्हणून कायदा पडत नाही. गाभा केंद्र सूचीत असेल तर राज्याला अधिकारच नाही, तिथे विसंगतीचा प्रश्न निघत नाही. आणि हे दहा वेळा लिहून काढा: अधिकारच नसेल तर राष्ट्रपतींची संमती तो निर्माण करू शकत नाही. दोन्ही कायदे समवर्ती सूचीतल्या विषयावर असतील तेव्हाच २५४ चं दार उघडतं. होक्स्ट फार्मास्युटिकल्स विरुद्ध बिहार या १९८३ च्या निकालात हे स्पष्ट मांडलंय.

आता हे आपल्याच राज्यातल्या खटल्यांवर लावून बघू. मुंबई प्रांताचा १९४९ चा दारूबंदी कायदा आणि त्यावरचा १९५१ चा बलसारा खटला. आक्षेप असा की दारूबंदीमुळे परदेशातून येणाऱ्या दारूच्या आयातीवर गदा येते आणि आयात हा केंद्राचा विषय. कायदा १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली झालेला असल्याने सूचीही त्याच कायद्यातल्या तपासल्या गेल्या. न्यायालय म्हणालं, गाभा मादक पेयांचा आहे, तो प्रांताचा विषय आहे, आयातीवरचा परिणाम आनुषंगिक आहे. या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द झाल्या, पण त्या मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर. 'बलसारामध्ये कायदा टिकला' किंवा 'बलसारामध्ये कायदा पडला' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, आणि तक्त्यात यांतलंच एक असतं.

दुसरं उदाहरण मकोकाचं, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याचं. १९९९ च्या या कायद्याला राष्ट्रपतींची संमती होती. दूरध्वनी संभाषण चोरून ऐकण्याबाबतच्या त्यातल्या कलम १३ ते १६ वर आक्षेप आला की तार आणि दूरध्वनी हा केंद्र सूचीतला विषय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं अधिकाराबाहेरची ठरवली. २००८ मध्ये भारत शांतिलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कशाच्या जोरावर? संमती आहे म्हणून नव्हे. कायद्याचा गाभा सार्वजनिक सुव्यवस्था, म्हणजे राज्य सूचीतली नोंद १, आणि समवर्ती सूचीतल्या फौजदारी कायद्याच्या नोंदी, म्हणून. मुलं इथे हमखास 'संमतीमुळे टिकला' असं लिहितात. मीही तसंच लिहिलं असतं.

तिसरं बैलगाडा शर्यतीचं, आणि इथे मात्र २५४ खरोखर लागतं. प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध ही समवर्ती सूचीतली नोंद १७. त्यावर संसदेचा १९६० चा कायदा. तमिळनाडूने २००९ मध्ये जल्लिकट्टूसाठी स्वतंत्र कायदा केला. मे २०१४ मध्ये नागराजा निकालात तो केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून रद्द झाला आणि बैलांच्या शर्यतीही बंद पडल्या. त्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकाने केंद्रीय कायद्यातच आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या आणि त्यांवर राष्ट्रपतींची संमती घेतली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्या तिन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या. मात्र त्या निकालातही आधी गाभा कोणत्या नोंदीत बसतो याची चर्चा आहे, संमतीचा विचार मग. पायऱ्यांचा क्रम न्यायालयानेही सोडलेला नाही.

पण संमती मिळाली म्हणजे विषय कायमचा मिटला असंही समजू नका. २५४(२) च्या परंतुकाखाली संसद नंतर नवा कायदा करून राज्याचा कायदा बदलू किंवा रद्द करू शकते. त्यासाठी १९५४ चा झवेरभाई अमैदास विरुद्ध मुंबई राज्य वाचा. जीवनावश्यक वस्तूंच्या गुन्ह्यांसाठी मुंबईने १९४७ मध्ये जादा शिक्षा ठेवली होती. संसदेने १९५० मध्ये त्याच शिक्षांची नवी रचना केली आणि मुंबईचा कायदा गर्भित रीतीने रद्द झाला. निकाल छोटा आहे, एका बैठकीत होतो.

एवढं वाचून दडपण आलं असेल तर हे लक्षात घ्या: या तीन-चार निकालांवर पकड आली की या विषयातले निम्मे प्रश्न तुमच्या आवाक्यात येतात. मला त्याला फार वेळ लागला, कारण मी शंभर खटल्यांच्या मागे धावत होते. तुम्हाला तेवढा लागू नये.

मी मुलांना एक सवय लावते. कोणताही निकाल उघडला की समासात पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहायच्या: आक्षेप घेणाऱ्याने सांगितलेली नोंद, सरकारने सांगितलेली नोंद आणि न्यायालयाने स्वीकारलेली नोंद. हे लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. पहिले काही दिवस कंटाळा येतो, मग डोळे आपोआप नोंद शोधायला लागतात.

आता कडक शब्दांत एक इशारा. जुन्या नोट्सवर विसंबू नका. २०२४ ने या विषयातली दोन मोठी प्रकरणं उलटी केली आणि बाजारातल्या कितीतरी पुस्तिका तशाच विकल्या जातायत.

पहिलं खनिजांचं. खाणीवर द्यायची रॉयल्टी हा कर आहे का? १९८९ च्या इंडिया सिमेंटमध्ये सात न्यायाधीशांचं पीठ म्हणालं, रॉयल्टी हा कर आहे. २००४ मध्ये केसोराम निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की त्या वाक्यात मुद्रणदोष आहे, 'रॉयल्टीवरचा उपकर हा कर आहे' असं तिथे हवं होतं. एका वाक्यावरून खनिजसंपन्न राज्यांचा महसूल दशकानुदशकं टांगणीला लागला होता. २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांचा आहे. मर्यादाही त्याच नोंदीत आहे: राज्य सूचीतल्या नोंद ५० नुसार संसद कायद्याने त्या अधिकाराला आळा घालू शकते. १४ ऑगस्टच्या आदेशाने राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनच्या व्यवहारांवर वसुलीची मुभा मिळाली, तीही १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. मुख्य निकाल पाठ करून हा आदेश सोडणारे बरेच आहेत. तुम्ही सोडू नका.

दुसरं औद्योगिक अल्कोहोलचं. १९८९ चा सिंथेटिक्स अँड केमिकल्स हा सात न्यायाधीशांचा निकाल २३ ऑक्टोबर २०२४ ला लालता प्रसाद वैश्य खटल्यात नऊ न्यायाधीशांनी रद्द ठरवला, पुन्हा ८ विरुद्ध १. राज्य सूचीतल्या मादक पेयांच्या नोंद ८ मध्ये औद्योगिक अल्कोहोलही येतं, असं बहुमत म्हणालं. दोन्ही वेळा अल्पमतात होत्या न्या. बी. व्ही. नागरत्ना.

इथे माझं एक मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. संघराज्य समजतं ते अल्पमताच्या निकालपत्रांतून. पश्चिम बंगाल विरुद्ध भारत सरकार या १९६२ च्या निकालात बहुमताने राज्याची मालमत्ताही केंद्र संपादित करू शकतं असं म्हटलं. खटला कोळसा क्षेत्रांच्या संपादनाचा होता. न्या. सुब्बा राव एकटे वेगळे गेले. त्यांची मांडणी वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की राज्यांची स्वायत्तता हा घटनेच्या रचनेतूनच निघणारा युक्तिवाद आहे, त्याला राजकीय घोषणेची गरज नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांना एवढंच विचारा की तुम्ही कोणतं अल्पमताचं निकालपत्र पूर्ण वाचलंय. उत्तर आलं तर फी भरा. 'त्याची गरज नाही' असं म्हणाले तर दुसरीकडे जा, क्लास कितीही मोठा असो.

राष्ट्रपती राजवट लावून राज्य सरकार बरखास्त करण्यावरच्या बोम्मई निकालाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. ११ मार्च १९९४, नऊ न्यायाधीश, सहा निकालपत्रं. सगळी वाचायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. जीवन रेड्डी यांची वाचा. बहुमताची परीक्षा सभागृहात, राजभवनात नव्हे, हे सूत्र तिथलं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की कर्नाटक, मेघालय आणि नागालँडमधली बरखास्ती चुकीची ठरली, तर मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातली वैध ठरली. एकाच निकालात दोन्ही. नंतर ११ मे २०२३ ला सुभाष देसाई खटल्यात, म्हणजे आपल्या राज्यातल्या सत्तासंघर्षात, राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरला. तरीही आधीचं सरकार परत आलं नाही, कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. अधिकार चुकीचा वापरला गेला हे ठरणं वेगळं आणि त्यावर उपाय मिळणं वेगळं. हे दोन मुद्दे उत्तरात वेगळ्या परिच्छेदांत लिहा.

निकालाबरोबर पुढे काय झालं तेही वहीत हवं. ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाच्या खटल्यात ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ठरलं की १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला नाही. त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती झाली आणि तो परत आला. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा भाग मात्र या दुरुस्तीने बदललेला नाही. दिल्लीतल्या सेवांवर, म्हणजे अधिकाऱ्यांवर, नियंत्रण दिल्ली सरकारचं असं सांगणारा निकाल ११ मे २०२३ चा, तो फिरवणारा केंद्राचा अध्यादेश १९ मेचा. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की गोष्ट स्वतःहून उलगडते.

इंग्रजीची धास्ती असेल तर ऐका: मलाही होती, आणि ती हळूहळूच गेली. निकालांची इंग्रजी तीच ती असते, पन्नासेक शब्द बसले की वाचन सुरळीत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निकाल मोफत मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद आधी, मूळ नंतर, असं केलंत तरी काही बिघडत नाही. फक्त हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, थांबू नका, हेडनोट न्यायाधीशांनी लिहिलेली नसते.

सुरुवात झवेरभाईपासून करा, मग बलसारा, मग मकोका, मग बैलगाडा. खनिजांचा निकाल त्यानंतर: आधी पीठाकडे पाठवलेले प्रश्न, मग थेट निष्कर्ष, मग मधली पानं. आणि लालता प्रसाद वैश्यपर्यंत पोचलात की एक काम करा. उद्योगांबाबतची केंद्र सूचीतली नोंद ५२ आणि राज्याची नोंद ८ यांची सांगड बहुमताने कशी घातली आणि न्या. नागरत्नांनी कशी, हे एका पानावर समोरासमोर लिहून काढा.