घोडीला फिरवण्याआधी घोट्याची नाडी बघा

सकाळी घोडीचे पाय भरलेले दिसले किंवा ती आखडून चालली, की शेजारचे चार जण एकच सांगतात, "फिरवा हो, रक्त मोकळं होईल." उभं राहून पाय भरले असतील तर हे बरोबर आहे. पण खुराच्या आत दाह असेल, म्हणजे लॅमिनायटिस, तर याच सल्ल्याने घोडी कायमची अधू होते. फिरवायचं की जागेवर ठेवायचं, हे घोट्यावरची नाडी सांगते. खुराच्या वर जो पहिला ठळक दिसणारा सांधा, त्याला मी इथे घोटा म्हणतोय.

घोडी सपाट जागी, चारही पायांवर भार देऊन उभी हवी आणि म्होरकी कुणीतरी धरलेली हवी. वरातीतून आत्ताच आली असेल तर अर्धा तास थांबा.

आधी हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. मग जबड्याच्या हाडाखालून जाणारी नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. कसलेल्या घोड्याचा मधूनच एखादा ठोका गळतो आणि थोडं चालवल्यावर ते थांबतं, त्याची काळजी नको. पण ठोक्यांना काही लयच सापडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता घोट्याची नाडी. इथे मी पहिले दोन महिने वाया घालवले, म्हणून सविस्तर सांगतो.

घोड्याच्या खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून वाका. तर्जनी आणि मधलं बोट घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा मागच्या बाजूला ठेवा. कातडीखाली एक मऊ दोरी बोटाखालून सरकते, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. शीर, धमनी आणि मज्जातंतू यांची ती जुडी. ती सापडली की बोटं तिच्यावरच ठेवा आणि दाब अगदी हलका करा. मी जोर लावायचो. जोराने धमनी दबते, ठोका नाहीसा होतो आणि आपण समजतो की नाडी लागतच नाही. काही जण अंगठा लावायला सांगतात. अंगठा लावू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते.

दुसरी चूक घाईची. घोड्याचे दोन ठोके दीड-दोन सेकंदांच्या अंतराने येतात. माणूस एक सेकंद बघतो, काही लागलं नाही म्हणून बोट सरकवतो, आणि ठोका नेमका तेव्हाच येऊन जातो. एका जागी दहा सेकंद तरी थांबा. सेकंदाला एकाहून जास्त ठोके लागले तर जबड्याखालच्या मोजणीशी ताडून बघा. मेळ बसत नसेल तर ती तुमच्या बोटाची नाडी आहे. जानेवारीत निफाडकडची थंडी उतरते तेव्हा बोटं बधिर होतात, मग आधी हात आयाळीखाली धरून गरम करतो.

निरोगी घोड्यात ही नाडी जेमतेम लागते, कधी लागतही नाही. म्हणून घोडी ठणठणीत असताना पंधरा दिवस रोज चारही पाय बघा. रोजची माहीत नसेल तर बिघडलेली ओळखणार कशी? दाह असला की ती ठसठसते, शोधावी लागत नाही. नखाखाली रक्त साकळलं की बोट जसं ठसठसतं, तसंच. खूर म्हणजे टणक पेटी. आतली सूज बाहेर फुगू शकत नाही, रक्ताची वाट अडते आणि ठोका घोट्यापर्यंत आदळतो.

एका लग्नसराईत आमच्या घोडीला वऱ्हाडाने बुंदी, गूळ, भिजवलेला हरभरा मनसोक्त खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी ती आखडून चालू लागली. मी नाडी न बघता तिला मखमलाबादच्या डांबरी रस्त्यावर तासभर फिरवलं. संध्याकाळी तिने पाय उचलायचं सोडलं. एक्स-रेत खुरातलं हाड फिरलेलं दिसलं. ती पुन्हा वरातीला गेली नाही. ती चूक माझी होती.

दोन्ही पुढच्या पायांत ठसठस, खूर गरम, आणि घोडी भार मागे टाकून उभी असेल तर तिला एक पाऊलही चालवू नका. चंदी (दाण्याचा खुराक) आणि गूळ बंद, पायाखाली जाड भुसा. बर्फाची लादी फोडून पाण्यात घाला आणि खूर घोट्याच्या वरपर्यंत बुडवून ठेवा. अर्धा तास नव्हे, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, अगदी दोन-तीन दिवससुद्धा. वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका.

ठसठस एकाच पायात असेल तर बहुधा खिळा रुतलेला किंवा आत पू झालेला असतो. नालबंद आणि डॉक्टर दोघांनाही बोलवा. एकच पाय जाड, गरम, दुखरा आणि ताप 38.5 अंशांच्या वर असेल तर तो संसर्ग, त्यालाही डॉक्टरच. दोन्ही मागचे पाय सारखे भरलेले, थंड, न दुखणारे आणि घोट्याची नाडी जेमतेम लागत असेल तर मात्र खुशाल फिरवा, सूज उतरते.

मानेच्या शिरेत इंजेक्शन कुणा हौशी माणसाकडून घेऊ नका. शिरेजवळच मेंदूकडे जाणारी धमनी असते, सुई तिच्यात गेली तर घोडा जागेवर कोसळतो. औषध शिरेबाहेर सांडलं तर शीर सुजते, आत गुठळी होते. इंजेक्शननंतर चार-पाच दिवस रोज मानेवरून हात फिरवा. दोरीसारखी कडक शीर लागली तर डॉक्टरांना फोन करा आणि त्या बाजूला पुन्हा सुई लावू देऊ नका.

डॉक्टरांना फोन करताना "पाय धरलाय" एवढंच सांगू नका. ठोके किती, ताप किती, नाडी कोणत्या पायात ठसठसते आणि गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं, हे कागदावर लिहून घेऊन मगच फोन लावा.