जुन्या टॅबवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

पहिली चूक पेन ड्राइव्ह हातात घेण्याआधीच होते: प्रोसेसर कोणता आहे हेच बघितलं जात नाही. अँड्रॉइड टॅब बहुतांशी एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतात, त्यांच्यावर पीसीची लिनक्स इमेज (इन्स्टॉलची फाइल) बूट, म्हणजे सुरू, होत नाही. तिथे टर्मक्स या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये प्रूट-डिस्ट्रो हे टूल टाकून अँड्रॉइडच्या आतच डेबियन ही लिनक्सची आवृत्ती चालवा. टर्मक्स एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या.

विंडोजसकट आलेले इंटेल अ‍ॅटम झेड३७३५एफचे टॅब मात्र अगदी कामाचे. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजवर एलएक्सक्यूटी हा लिनक्सचा हलका डेस्कटॉप नीट चालतो. पण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. प्रोसेसर ६४-बिट असला तरी यूईएफआय (टॅब चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट असतं. ते 'ईएफआय'मधल्या 'बूट' फोल्डरात 'बूट-आयए-३२' (bootia32.efi) ही फाइल पेन ड्राइव्हवर शोधतं. ती नसेल तर पेन ड्राइव्ह यादीत दिसतच नाही. मग लोक पेन ड्राइव्ह बदलत बसतात, दोष त्याचा नसतो. फाइल हाताने टाकायची तर रुफसमध्ये (पेन ड्राइव्ह तयार करायचं विंडोजचं टूल) आयएसओ मोड निवडा. डीडी मोडमध्ये ड्राइव्हवर नंतर काही लिहिता येत नाही. एवढी खटपट नको असेल तर डेबियन १२ ची ६४-बिट इमेज घ्या, तिच्यात ३२-बिट यूईएफआयची सोय आधीच आहे.

यूईएफआयमध्ये शिरायला विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. तिथे सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायला विसरू नका.

दुसरी अडचण विजेची. एकच मायक्रो-यूएसबी पोर्ट, त्यातून ओटीजी (पेन ड्राइव्ह, कीबोर्ड जोडायची सोय) चालू असताना बऱ्याच टॅबचं चार्जिंग थांबतं. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरूनच इन्स्टॉल सुरू करा. कीबोर्ड, माऊस आणि पेन ड्राइव्ह तिन्ही लावायचे तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हबच लागतो. नाशकातल्या एमजी रोडवरच्या दुकानात नुसतं 'हब द्या' म्हणालात तर बिनअ‍ॅडॉप्टरचा हातात पडेल. तसं स्पष्ट सांगा.

विंडोज पुसण्याआधी टचस्क्रीनची फर्मवेअर फाइल ड्रायव्हर फोल्डरमधून काढून ठेवा. सिलेड कंपनीच्या चिपचा टच तिच्याशिवाय चालत नाही आणि नंतर ती शोधताना नाकी नऊ येतात. वायफाय लागलंच नाही तर फोनवरून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने टॅबला द्या.

स्क्रीन आडवी दिसली तर चित्र फिरवून भागत नाही, टचचा अक्षही वेगळा फिरवावा लागतो. नाहीतर बोट उजवीकडे टेकतं आणि कर्सर खाली पळतो.

मध्येच सगळं गोठत असेल तर प्रोसेसर खोल झोपेत जाऊन अडकतोय. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) इंटेल-आयडलचा मॅक्स सी-स्टेट, म्हणजे झोपेच्या खोलीची मर्यादा, १ करा (intel_idle.max_cstate=1). बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण गोठणं थांबतं.

आणि पाठ फुगलेला टॅब चार्जरला लावूच नका. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दिवसभर चार्जरवर, खिडकीपाशी ठेवलेल्या टॅबची बॅटरी त्या उन्हात लवकर फुगते.