गर्भाचे आठवडे पाठ करण्याआधी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

अवयवांचा तक्ता उघडण्याआधी आठवडे कुठून मोजलेत ते बघा. भ्रूणशास्त्राचं पुस्तक गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतं, तर केसपेपर आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. फरक 2 आठवड्यांचा. हृदय 22व्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागतं असं पुस्तक म्हणतं, तेव्हा केसपेपरवर 5 आठवडे झालेले असतात. उत्तर लिहिताना कुठली मोजणी वापरली ते सांगत जा.

मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नलिका पुस्तकी 28व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम 2 आठवडे झालेले असतात. बाई नाव नोंदवायला येते तोवर बहुतेक वेळा हे काम आटोपलेलं असतं! म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड मूल हवं असं ठरलं की लगेच सुरू करायचं आणि पहिले 3 महिने चालू ठेवायचं. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड, रोज एक, 180 दिवस.

मूत्रपिंड, आतडी आणि फुप्फुसं वेगवेगळ्या धड्यांत शिकू नका, गर्भजल त्यांना एकत्र बांधतं. साधारण 16 आठवड्यांनंतर (इथून पुढचे सगळे आठवडे केसपेपरच्या मोजणीने) गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे बाळाची लघवी. बाळ ते पाणी गिळतं, आणि फुप्फुसंही द्रवाने भरलेली असतात म्हणूनच वाढतात. दोन्ही मूत्रपिंडं तयारच झाली नाहीत तर पाणी फार कमी राहतं आणि फुप्फुसं खुरटतात. जन्मानंतर जीव जातो तो बहुधा श्वासावाचून. उलट अन्ननलिका बंद असेल तर गिळणं होत नाही आणि पाणी वाढतं. त्यामुळे आईला पाणी जास्त होतं आणि बाळाच्या तोंडाला सारखा फेस येतोय, असं दिसलं तर दूध पाजायची घाई नको. तोंडातून घातलेली नळी 10 सेंटीमीटरच्या आसपास अडली, तर पाजणं थांबवून डॉक्टरांना ताबडतोब कळवा.

फुप्फुसातले वायुकोश मिटू न देणारा सरफॅक्टंट 24 आठवड्यांच्या सुमारास बनू लागतो आणि पुरेसा होतो 34-35 आठवड्यांना. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक श्वासाला मिटतात, पुन्हा उघडायला जोर लागतो. कण्हणं, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखाली खळगा पडणं हे सगळं त्या धडपडीचंच रूप. कण्हणं हे रडणं समजू नका. आतली हवा धरून ठेवायची ती बाळाची खटपट असते. 24 ते 34 आठवड्यांत प्रसूती होईलसं दिसलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्की व्हावीत म्हणून डॉक्टरांच्या आदेशाने आईला डेक्सामेथासोन देतात: 6 मिलिग्रॅम स्नायूत, दर 12 तासांनी, एकूण 4 डोस. प्रत्येक डोसची वेळ लिहा; बाईला पुढे रेफर केलं तर तिथल्या टीमला ती लागतेच.

रक्ताभिसरणात हमखास उलटं लिहिलं जातं ते नाळेबद्दल. इथे शीर शुद्ध रक्त बाळाकडे आणते, धमन्या अशुद्ध रक्त वारेकडे नेतात. नाळ कापल्यावर टोक पुसून नीट पाहा: जाड भिंतीच्या, पांढरट, बारीक तोंडाच्या दोन धमन्या आणि एक मोठी, पातळ, सैल शीर. धमनी एकच दिसली तर नोंद करून सांगा, कारण सोबत मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा दोष असू शकतो. पहिल्या श्वासाने फुप्फुसातला दाब उतरतो, हृदयाच्या डाव्या बाजूचा वाढतो आणि दोन कर्णिकांमधलं छिद्र पडद्यासारखं मिटतं. डक्टस आर्टेरिओसस (पोटात असताना फुप्फुसं टाळून रक्त महाधमनीत नेणारी वाहिनी) मात्र सावकाश, पहिल्या 2-3 दिवसांत आकसतो. बाळ गार पडलं, ऑक्सिजन कमी झाला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त पुन्हा जुन्या वाटेने जाऊ लागतं. बाळाला कोरडं करून आईच्या छातीवर उबेत ठेवणं म्हणजे त्याचं रक्ताभिसरण सांभाळणंच.

यकृत सुरुवातीला रक्तपेशी बनवतं, पण जन्मताना रक्त गोठवायच्या बाबतीत ते कच्चंच असतं. म्हणून व्हिटॅमिन के, एरवी 1 मिलिग्रॅम, 1 किलोखालच्या बाळाला अर्धा.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ 34 आठवड्यांच्या आसपास बसतो. 30 आठवड्यांचं बाळ ओठ हलवतं म्हणून पाजू नका. त्याला नळीने दूध लागतं. 32 ते 34 आठवड्यांत वाटी-चमचा किंवा पलाडी (चोचीची छोटी वाटी) चालते: बाळ अर्धवट बसतं धरून, थोडं थोडं, मागचा घोट गिळल्यावरच पुढचा. रंग बदलला किंवा श्वास अडखळला की तिथेच थांबा.