दोडकीची शू आणि कालनिर्णयाचे चौकोन

२०२३ साली पाऊस उशिरा आला, जून संपता संपता, आणि दोडकी त्याच आठवड्यात आली. डॅशहाउंडचं पिल्लू. दोन महिन्यांची, वजन पावणेदोन किलो, पाय असून नसल्यासारखे. लांबीवरून नाव पडलं दोडकी. घरात लाडकी कोण होणार ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेव्हा निदान नाव तरी दोडकी असू दे, दृष्ट लागायला नको.

पहिल्या तासात तीनदा शू झाली. एक सोफ्याजवळ, एक देवघराच्या उंबऱ्याशी, आणि तिसरी आमच्या ह्यांच्या मोज्याने शोधून काढली. मुलगा पिल्लू ठेवून बंगळुरूला परत गेला आणि तिला शू-शीची जागा शिकवणं माझ्या गळ्यात पडलं.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत चार छोटी कुत्री आहेत, त्यातली दोन अजूनही घरात कुठेही करतात. एक पॉमेरेनियन तर सात वर्षांचा आहे. आधी मला वाटायचं, या जाती हट्टी असतात. असतातही, डॅशहाउंड तर जरा जास्तच. पण खरं कारण वेगळं आहे. लॅब्रॅडॉरचं पिल्लू चुकलं की घरात तळं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर कामाला लागतं. यांची शू असते चमचाभर. आपण फडकं फिरवतो, ‘लहान आहे, शिकेल’ म्हणतो आणि विसरतो. पिल्लू मात्र विसरत नाही, त्याच्या हिशेबी ती जागा कायमची ठरली. म्हणून पहिला नियम हाच, की चमचाभर शूलाही बादलीभर समजायचं.

मी एकतीस वर्षं बँकेत कॅशवर होते. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तरी घरी जाता यायचं नाही. तीच सवय इथे कामाला आली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जिथे दुधाचा हिशेब लिहायचो, त्याच चौकोनांत मी दोडकीच्या वेळा लिहायला लागले. ठरलेल्या जागी झाली तर निळ्या पेनने, भलतीकडे झाली तर लाल. पहिल्या आठवड्यात चौकोन लालभडक होते. पण आठव्या दिवशी बसून वाचलं तर सगळं त्यात होतं: झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांत, आणि खेळ रंगला असेल तर दर अर्ध्या तासाने. तुमच्या पिल्लाच्या वेळा थोड्या वेगळ्या निघतील, पण निघतील नक्की. आधी आठ दिवस लिहा. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

डॉक्टर एक ठोकताळा सांगतात, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास. छोट्या जातीत या आकड्यावर पुरता भरवसा ठेवू नका. मूत्राशय लिंबाएवढंही नसतं, आणि तीन तास म्हणजे पिल्लू शांत पडून असेल तेव्हा. मी जागेपणी दर पाऊण तासाने नेत होते, आणि उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर वेगळी फेरी. दिवसाला सोळा-सतरा फेऱ्या झाल्या. थकायला होतं, पण हे तीन-चार आठवड्यांचं काम आहे.

खाणं वेळेवर दिलं की शीसुद्धा वेळेवर होते. चार वेळा थोडं थोडं द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी वाटी उचलायची. दिवसभर वाटी भरून ठेवली तर हिशेब लागतच नाही. मात्र ‘कमी खाईल तर कमी करेल’ हा शहाणपणा करू नका. इतक्या लहान पिल्लाच्या रक्तातली साखर उपाशी राहिल्यावर झपकन उतरते आणि ते गळून पडतं. पाणीही दिवसा मोकळं ठेवायचं, फक्त रात्री झोपण्याआधी दीड-दोन तास भांडं उचलायचं. आणि दूध-पोळी! शेजारच्या काकू प्रेमाने वाटी घेऊन आल्या, मीही नको म्हटलं नाही. पुढचे दोन दिवस चौकोनात लिहायला जागा पुरली नाही. पुष्कळ पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, आणि पोट बिघडलेल्या पिल्लाला शिकवणं म्हणजे पावसात वाळवण घालणं.

आता जागा. सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, बाहेर कधी न्यायचं? लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर ठेवायचं नाही. पार्वो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला तो सोसत नाही. लशींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, नेमकी तारीख तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोवरचे दोन महिने पिल्लू घरातच करणार, तर ते कुठे करणार हे तुम्ही ठरवा, त्याच्यावर सोडू नका. आमच्याकडे स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी आहे, कपडे धुण्याचं मशीन तिथेच असतं आणि पाण्याला जाळी आहे. जुन्या वाड्यातली मोरी समजा. मशीनखालची फट विटांनी बंद केली आणि बाकीच्या भागावर रद्दी अंथरली.

रद्दीतही अक्कल लागते. रविवारच्या पुरवण्या गुळगुळीत असतात, शू शोषतच नाहीत, ओघळ सरळ जाळीकडे न जाता पायाखाली येतो. रोजचा साधा कागद चार पदरी घ्या. ओला कागद बदलताना त्याचा एक छोटा तुकडा नव्या कागदाखाली ठेवायचा, वास ओळखून पिल्लू परत तिथेच येतं. विकतचे शोषक पॅडही मी आणले होते. दोडकीने पहिलं पॅड फाडून त्यातला कापूस घरभर मांडला, दुसरं आणलं नाही.

घरातल्या मऊ वस्तू मात्र आधी उचला. पायपुसणी, सतरंजी, जमिनीवर अंथरलेली गोधडी. पिल्लाच्या पायाला मऊ आणि शोषणारं काही लागलं की त्याला तीच जागा योग्य वाटते. आमची पायपुसणी कित्येक महिने माळ्यावर होती आणि पावसाळ्यात चिखल आत येत होता. चालायचंच.

आता शब्दाबद्दल. कागदावर गेल्यावर, शू सुरू होताना, दर वेळी एकच शब्द म्हणायचा. काही दिवसांनी शब्द म्हटला की शू येते. आपण तान्ह्या बाळाला धरून ‘शूऽऽ’ करायचो, तेच. मीही ‘शूऽऽ’ निवडलं आणि फसले. नात सुट्टीला आली, आजोबा झोपले होते, मी बोटाने ‘शूऽऽ, हळू बोल’ म्हटलं आणि दोडकी लगबगीने ड्राय बाल्कनीत जाऊन बसली. तेव्हा घरात एरवी कोणी वापरत नाही असा शब्द घ्या. आमचा आता ‘चलान’ आहे. बँकेतला जुना शब्द, दुसऱ्या कशाला लागत नाही.

झाल्यावर बक्षीस तिथेच, त्याच क्षणी. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडेपर्यंत पिल्लाच्या मनात शू मागे पडलेली असते आणि बक्षीस चालत आल्याबद्दलचं ठरतं. मी गाऊनच्या खिशात पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे ठेवायचे. याहून मोठे नकोत, दिवसाला सोळा फेऱ्या आहेत आणि डॅशहाउंडचं वजन वाढलं की पाठीच्या मणक्यावर येतं.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात पिल्लू नजरेआड होऊ द्यायचं नाही. सगळ्यात अवघड भाग हाच. छोटं पिल्लू दिवाणाखाली जातं, सोफ्यामागे जातं, आणि तिथे काय केलं ते तुम्हाला आठवड्याने वासावरून कळतं. मी दोन गोष्टी केल्या. एक, दिवाणाची खालची बाजू प्लायवूडच्या फळीने बंद केली आणि तशीच दीड फुटाची फळी बैठकीच्या दारात आडवी लावली. छोट्या जातीचा हा एक फायदा, मोठ्या कुत्र्याला अशी फळी म्हणजे पायरी. दोन, पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं. कणीक मळताना, फोनवर बोलताना, दोडकी सहा फुटांच्या आत. जमिनीचा वास घेत गोल फिरायला लागली, खेळता खेळता एकदम थांबली किंवा दाराकडे जाऊन कुरकुरली की दोरीला झटका बसतो आणि आपलं लक्ष जातं. ज्या वेळी बांधून घेणं शक्य नाही, त्या वेळी तिचा खोका. जाड पुठ्ठ्याचा, जेमतेम अंग पसरून झोपता येईल एवढाच. झोपायच्या जागेत कुत्री सहसा घाण करत नाहीत, पण खोका मोठा असला तर अर्ध्यात झोपतात आणि उरलेल्या अर्ध्यात उरकतात.

तुमच्या डोळ्यांसमोर चुकीच्या जागी बसलं तर ओरडू नका. टाळी वाजवा, उचला, कागदावर ठेवा, उरलेली तिथे झाली तर शाबासकी. मागाहून ओली जागा सापडली तर? काही नाही. पुसा आणि लाल पेन घ्या. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी दाखवणं, हे आमच्या लहानपणी सर्रास चालायचं. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते तुमच्यासमोर कागदावरही करत नाही, लपून सोफ्यामागे करतं.

उचलण्याचं आणखी एक. पिल्लू छोटं म्हणून आपण प्रत्येक वेळी काखेत मारून नेतो. त्याला मग रस्ता कळतच नाही, शू आली की ते आपली विमानाची वाट बघत बसतं. तिसऱ्या आठवड्यापासून मी उचलणं बंद केलं आणि ‘चल’ म्हणत पुढे चालायला लागले. चार दिवस वाटेत गळती झाली, पाचव्या दिवशी ती एकटी गेली. त्या निळ्या नोंदीला मी चौकट केली आहे.

पुसायला फिनेल वापरू नका. डांबरी वासाच्या फिनेलमधली रसायनं कुत्र्याला बाधतात, आणि हे जनावर जमिनीपासून तीन बोटांवर चालतं, पंजे चाटतं. अमोनियाचा क्लीनरही नको, त्याचा वास शूच्या वासाच्या जवळचा. आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग साबणाचं पाणी, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी. फरशी संगमरवरी असेल तर व्हिनेगर टाळा, दगडाची चकाकी जाते. गादीवर किंवा सोफ्यावर झाली असेल तर प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तोच खरा उपाय. तिथे साबणाने फक्त माणसाचं समाधान होतं.

रात्री खोका पलंगाशेजारी ठेवला. आधी अडीचला आणि पाचला गजर, मग फक्त साडेतीनला, चौथा महिना लागल्यावर गजरच नाही. उठायचं, दिवा मोठा लावायचा नाही, बोलायचं नाही, खेळायचं नाही, ‘चलान’, पनीर, परत खोक्यात. आमचे हे एकदा उठले आणि तिच्याशी गप्पा मारत बसले. पुढच्या तीन रात्री ती गप्पांसाठी उठवत होती.

ऑगस्टअखेर डॉक्टरांनी बाहेर न्यायला परवानगी दिली. मला वाटलं, आता गवत दिसलं की झालं. वीस मिनिटं आम्ही इमारतीच्या बागेत उभ्या, ती मुंग्या बघतेय, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर धावत ड्राय बाल्कनीत. तिचं काय चुकलं? दोन महिने आपणच तर शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या, कागद न दाखवता, घरातला ओला तुकडा पिशवीत घालून खाली नेला आणि गवतावर ठेवला. तीन सकाळी तुकडा लागला. बाहेर झाल्याबरोबर घाईने वर आणायचं नाही, दहा मिनिटं फिरू द्या, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे कळून ते धरून ठेवतात. पावसाचा मात्र वेगळाच प्रश्न. गवत ओलं असलं की डॅशहाउंडचं पोट भिजतं, आणि दोडकीला ते अजिबात मंजूर नाही. छत्री धरून मी, दाराशी बसून ती. म्हणून ड्राय बाल्कनी आम्ही कायम ठेवली. काही जण म्हणतात, दोन जागा दिल्या की गोंधळ होतो. कागद आणि गवत यांत तिचा गोंधळ कधी झाला नाही.

गणपतीत घसरगुंडी झाली. घरात पंधरा माणसं, आरत्या, वेळा सगळ्या कोलमडल्या, आणि गौरी जेवायच्या दिवशी गौरींसमोरच्या सतरंजीवर लाल नोंद. वहिनींचा चेहरा अजून आठवतो. पाहुणे, प्रवास, घरात रंगकाम असलं की दोन आठवडे मागे जाऊन पहिल्यासारख्या फेऱ्या सुरू करायच्या, पट्टा परत कमरेला. या वेळी आठ दिवसांत ती वळणावर आली. पाहुण्याने हात पुढे केला की दोन थेंब सुटतात, ते मात्र वेगळं. ती भीतीची किंवा आनंदाची शू, त्यावर रागावलं की वाढते. पाहुण्यांना सांगायचं, वाकू नका, आधी तिला येऊ दे.

आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी थेंब थेंब करायला लागलं, कुंथत असेल, शूला लालसर छटा दिसली, तर ते हट्ट करत नाही, आजारी आहे. मादी पिल्लांमध्ये लघवीचा संसर्ग बऱ्यापैकी दिसतो. ऑक्टोबरात दोडकीला झाला. डॉक्टरांनी नमुना मागितला. डॅशहाउंडच्या खाली वाटी जात नाही, पळी जात नाही. शेवटी डब्याचं पसरट झाकण स्वच्छ धुऊन सरकवलं आणि जमलं. झाकण अर्थात फेकलं, बिनझाकणाचा डबा अजून रचनेत उभा आहे.

काम झालं असं कधी म्हणायचं? सलग आठ आठवडे लाल नोंद नाही, तेव्हा. आमची शेवटची लाल नोंद दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. तेव्हापासून एकेक खोली मोकळी केली, आधी बैठक, मग नातीची खोली, जानेवारीत आमची. पायपुसणी माळ्यावरून उतरली. दिवाणाखालची फळी तेवढी अजून काढलेली नाही.