भुईआवळा वापरताना या चुका टाळा

पावसाची पहिली झड बसली की गोव्यातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, आणि परसांत भुईआवळा आपोआप उगवतो, आणि काविळीवर तो मुळासकट वाटून ताकातून देण्याची रीत आमच्या सत्तरी तालुक्यात जुनी आहे. मला या झाडाबद्दल आदर आहे. म्हणूनच दरवर्षी त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे डोळे पिवळे दिसताच कारण न शोधता रस सुरू करणे. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात, भातातले तण काढून (बेणणी करून) परतलेल्या शेजारच्या काकांना ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, पुढे डोळे पिवळे पडले, आणि त्यांच्या घरी झाडे उपटून देणारा मीच होतो. चार दिवस रस चालला, लघवी कमी होत गेली, आणि अखेर रुग्णालयात कळले की तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाणथळ शेतातून, पायावरच्या जखमेवाटे शिरणाऱ्या या रोगावर प्रतिजैविके वेळेत सुरू व्हावी लागतात. काकांना मात्र डायलिसिसवर ठेवण्याची पाळी आली. ते वाचले. तेव्हापासून रक्ततपासणीचा कागद पाहिल्याशिवाय मी कोणालाही झाड उपटून देत नाही. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांत या वनस्पतीचा चांगला परिणाम नोंदवला होता हे खरे, परंतु पुढच्या चाचण्यांत तो तसा टिकला नाही, आणि हे सांगायला लोक विसरतात.

दुसरी चूक ओळखण्यातली. फांदी उलटून पाहावी: भुईआवळ्याची मोहरीहून जराशी मोठी, गुळगुळीत फळे बारीक देठांवर ओळीने लोंबतात, तर शेजारीच उगवणाऱ्या तांबूस खोडाच्या भावंडाची फळे खरखरीत असून फांदीला चिकटलेली असतात. मोबाइलवरचे चित्र पाहून मूठभर तण उपटणाऱ्यांची घाई मला मुळीच मान्य नाही.

गटाराकाठचे किंवा तणनाशक मारलेल्या बागेतले झाड घेऊ नये. वाळवायचे असल्यास सावलीत वाळवावे. लवकर गुण यावा म्हणून मात्रा दुप्पट करू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अधिक खाली जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणी तर हा रस नकोच.

आणि झाड मुळासकट वाटायचे असते, म्हणून मी ते तीन पाण्यांत धुतो, शेवटचे पाणी उकळून गार केलेले घेतो. मुळांना चिकटलेली माती पावसाळ्यातल्या त्याच ओल्या जमिनीची असते, जिच्यात उंदरांचे मूत मिसळलेले असू शकते.