खिसा सांभाळून स्पेन: घड्याळ पाहून फिरायची रीत

2008 साली स्पेनमधला घरबांधणीचा फुगा फुटला आणि 2013 च्या सुरुवातीला बेकारी 27 टक्क्यांच्या आसपास पोचली. पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या तरुणांत तर निम्म्याहून जास्त जण रिकामे होते. कित्येक घरांत आजोबांच्या पेन्शनवर तीन पिढ्यांची चूल पेटायची. हात आखडता घ्यायची वेळ आली, तेव्हा लोकांना उपयोगी पडली ती तिथली जुनीच एक सोय: तोच पदार्थ, तीच खुर्ची आणि आगगाडीतली तीच जागा वेगळ्या वेळी वेगळ्या दराला मिळते. बेताच्या पैशांत स्पेन बघायचा तर आधी हे घड्याळ समजून घ्या. स्वस्त हॉटेलांची यादी नंतर.

सुरुवात जेवणापासून करू, कारण पैसा सगळ्यात जास्त इथेच वाचतो आणि इथेच वाया जातो.

दुपारचं मुख्य जेवण म्हणजे 'मेनू देल दिया'. 1960 च्या दशकात सरकारने पर्यटकांसाठी ठरलेल्या किमतीचं जेवण ठेवायला लावलं, त्यातून ही पद्धत रुळली. आज त्यावर पर्यटकांपेक्षा कचेरीतली आणि बांधकामावरची माणसं जास्त जेवतात. बारबाहेर खडूने लिहिलेली पाटी असते. 'प्रिमेरो' म्हणजे पहिला पदार्थ (सूप, कडधान्य, भाजी, भात), 'सेगुंदो' म्हणजे दुसरा (बहुधा मांस किंवा मासे), शिवाय पाव, एक पेय आणि 'पोस्त्रे ओ काफे'. यातल्या 'ओ'चा अर्थ 'किंवा'. गोड किंवा कॉफी, दोन्ही नाही. दोन्ही मागितलं की बिलात वेगळी ओळ येते. दर साधारण 12 ते 16 युरो, करासकट.

हा मेनू बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते साडेतीन-चारपर्यंत चालतो. साडेबाराला गेलात तर स्वयंपाकघर तयार नसतं. साडेतीननंतर चांगले पदार्थ संपलेले असतात आणि पाटीवर उरलेल्या नावांतून निवड करावी लागते. दोनच्या सुमाराला पोचा. शनिवार-रविवारी हाच मेनू बंद असतो किंवा महाग होतो, म्हणून त्या दोन दिवसांसाठी बाजारातून पाव, चीज, टोमॅटो आणून ठेवलेले बरे. संध्याकाळी सात वाजता पोटभर जेवण शोधायला निघालात, तर त्या वेळी उघडी असणारी दुकानं बहुधा पर्यटकांसाठीच असतात आणि त्यांचे दरही तसेच असतात. स्थानिक माणूस नऊनंतर जेवतो आणि तेही हलकंच. दुपारी भरपेट आणि रात्री एखादी 'मेदिया रासिओन', म्हणजे अर्धी बशी, असा बेत ठेवला की दिवसाचा जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो.

ग्रानादा, आल्मेरिया, हाएन आणि लेओन या शहरांत पेयाबरोबर एक छोटी बशी, म्हणजे 'तापा', फुकट देण्याची रीत अजून टिकून आहे. 'कान्या', म्हणजे सुमारे 200 मिलिलिटरचा बिअरचा छोटा पेला, किंवा साधं सरबत मागवलं तरी चालतं. तीन पेल्यांत रात्रीचं जेवण होऊन जातं. बार्सेलोनात किंवा माद्रिदच्या मध्यवस्तीत हे गृहीत धरू नका. तिथे फार तर चार ऑलिव्ह पुढे येतील. आणि बसायचं कुठे, हेही दरात मोजलं जातं. काउंटरपाशी, म्हणजे 'बार्रा'ला, उभं राहणं बहुधा सगळ्यात स्वस्त आणि बाहेर छत्रीखाली सगळ्यात महाग. बाहेरचा अधिभार मेनूवर छापलेला असतो, बसण्याआधी वाचून घ्या. 2022 च्या कचरा कायद्यामुळे नळाचं पाणी फुकट देणं हॉटेलांना बंधनकारक आहे, पण नुसतं 'आग्वा' म्हटलं की बाटली येते. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा. माशांच्या यादीत किमतीऐवजी 'एस/एम' लिहिलं असेल, तर तो त्या दिवशीचा बाजारभाव. विचारल्याशिवाय मागवू नका.

शाकाहारी माणसाची इथे फसगत होते, कारण 'कार्ने', म्हणजे मांस, हा शब्द ऐकला की अनेकांच्या डोळ्यांसमोर गोमांस किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा येतो. हॅमचे बारीक तुकडे त्यात मोजलेच जात नाहीत. मसूर चोरिथो या डुकराच्या सॉसेजबरोबर शिजते, 'एन्सालादा मिक्स्ता' या सॅलडवर ट्यूना मासा असतो, कोर्दोबाच्या सालमोरेहो या टोमॅटोच्या गार सूपवर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं असतं. म्हणून 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून' (मांस नको, हॅम नको, मासे नकोत, ट्यूना नको) अशी पूर्ण माळ म्हणायची. पिस्तो (टोमॅटोतली मिश्र भाजी), एस्कालिवादा (भाजलेली वांगी-मिरच्या), पिमिएन्तोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या) आणि सेव्हियाचा पालक-छोले हे बऱ्यापैकी भरवशाचे पदार्थ. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, कुठेही मिळते.

मंडईत रांग दिसत नाही, म्हणून थेट पुढे घुसू नका. रांग असते, फक्त ती डोक्यात असते. आल्यावर 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे 'शेवटचं कोण?' असं विचारायचं, ज्याने हात वर केला त्याच्यानंतर आपण. फळं स्वतः उचलून चाचपायची नाहीत, दुकानदार काढून देतो.

आता आगगाड्या. माद्रिद ते बार्सेलोना सुमारे 620 किलोमीटर, वेगवान गाडीने अडीच तास. सरकारी रेन्फेबरोबर 2021 पासून उइगो आणि 2022 पासून इर्यो याही कंपन्या धावतात, त्यामुळे दर उतरले. पण विमानासारखे ते गर्दीप्रमाणे चढतात: काही आठवडे आधी 20-25 युरोंत मिळणारी जागा आदल्या दिवशी तिप्पट-चौपट झालेली दिसते. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी माणसं घरी जातात-येतात, तेव्हा सगळ्यात महाग. मंगळवार, बुधवार आणि शनिवारची दुपार स्वस्त. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवार जोडून 'पुएन्ते', म्हणजे पूल, बांधतात. 6 आणि 8 डिसेंबरच्या सुट्ट्यांचा पूल सगळ्यात मोठा, त्या आठवड्यात स्वस्त तिकीट शोधण्यात वेळ घालवू नका. उलट 'मेदिया दिस्तान्सिया' या साध्या गाड्यांचा दर गर्दीने वाढत नाही, त्या आयत्या वेळी घेतल्या तरी चालतात.

चुका तीन होतात. पहिली स्टेशनची: माद्रिदला आतोचा आणि चामार्तिन ही दोन मोठी स्टेशनं आहेत, शहराच्या दोन टोकांना, आणि एकाच शहराला जाणाऱ्या गाड्याही कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या स्टेशनांतून सुटू शकतात. तिकिटावरचं नाव वाचा. दुसरी वेळेची: वेगवान गाड्यांसाठी सामान तपासणी असते, फाटक गाडी सुटण्याआधीच बंद होतं, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. तिसरी बॅगेची: काही स्वस्त तिकिटांत एक केबिन बॅग आणि एक छोटी पिशवी एवढंच बसतं, मोठ्या बॅगेचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर कमी पडतात. रेन्फेच्या तिकिटावर 'कोम्बिनादो थेर्कानियास' असा कोड असेल, तर त्यावर लोकल गाडी फुकट मिळते. माद्रिदच्या टर्मिनल 4 वरून आतोचाला येण्याचे पैसे वाचतात. बार्सेलोनात दहा फेऱ्यांचं 'टी-काज्वाल' कार्ड एकाच माणसाला चालतं आणि विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही. तिथून रोडालिएस लोकल पकडली तर चालतं.

स्टेशन गावात असतंच असंही नाही. सेगोव्हियाला वेगवान गाडीने अर्ध्या तासात पोचता, पण गिओमार स्टेशन माळावर आहे आणि तिथून पुन्हा शहर बस लागते. माद्रिदच्या मोन्क्लोआहून निघणारी साधी बस थेट गावात सोडते आणि पैसेही कमी घेते. ग्वादालाहारा-येबेस स्टेशनही असंच शहराबाहेर. तिथे वाल्देलुथ नावाची नवी वस्ती उभी राहणार होती, मंदीत काम अर्ध्यावर थांबलं. ग्वादालाहारा शहरात जायचं तर माद्रिदहून लोकलच बरी. कास्तेयोनच्या विमानतळाचीही तीच गत: उद्घाटन 2011 मध्ये झालं आणि पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं 2015 मध्ये. स्पॅनिश माणसाला मंदीबद्दल विचारलंत तर आकड्यांआधी बहुधा अशी नावं ऐकायला मिळतील.

संग्रहालयांचं सोपं आहे. माद्रिदचं प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 आणि रविवारी 5 ते 7 फुकट. पाऊण तास आधी रांगेत उभे राहा आणि दोन तासांत वेलाथकेथ आणि गोया हे दोन चित्रकार एवढेच धरा. तिथलंच आधुनिक कलेचं रेइना सोफिया मंगळवारी बंद. ग्रानादातल्या आल्हाम्ब्रा या जुन्या राजवाडा-किल्ल्याचं मात्र घड्याळ फार कडक: तिकीट नावावर असतं, नासरी महालाची ठरलेली वेळ चुकली की तो महाल गेला. पासपोर्ट जवळ ठेवा. तिकीट मिळालंच नाही, तरी कार्लोस पाचव्याचा महाल आणि बाहेरचा भाग बिनतिकीट बघता येतो.

झोपायला 'होस्ताल' शोधा. हे बॅकपॅकवाल्यांचं हॉस्टेल नव्हे. घरगुती, छोटं, दारावर निळ्या पाटीवर 'एचएस' लिहिलेलं. जुन्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतं, म्हणून 'आसेन्सोर' (लिफ्ट) आहे का ते विचारा. सेव्हिया-कोर्दोबात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि खोल्या त्यामुळेच स्वस्त असतात. एसी नसेल तर ती स्वस्ताई घेऊ नका. सेमाना सांतात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, सेव्हिया, मार्चच्या मध्यात वालेन्सिया आणि 6 ते 14 जुलै पाम्प्लोना ही गावं उत्सवांच्या गर्दीमुळे टाळा. खोली देताना पासपोर्टची नोंद करणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यावरून हुज्जत घालू नका.

पर्यटकांसाठीच्या भाड्याच्या फ्लॅटबद्दल मात्र विचार करून पाऊल टाका. आज तिथल्या लोकांचा राग बेकारीपेक्षा घरभाड्यावर जास्त आहे. 2024 मध्ये कानारी बेटांवर, मालागात, बार्सेलोनात मोर्चे निघाले. बार्सेलोनाने तर 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत असे सगळे, सुमारे दहा हजार, परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर तो फ्लॅट सोडा. तक्रार झाली की बुकिंग रद्द होतं आणि मध्यरात्री बॅगा घेऊन तुम्ही रस्त्यावर येता.

मोर्चा दिसला तर घाबरायचं कारण नसतं, बहुधा लहान मुलंही खांद्यावर असतात. खरी अडचण संपाची, म्हणजे 'उएल्गा'ची. संपातही ठराविक गाड्या चालवाव्याच लागतात, त्यांना 'सेर्विसिओस मिनिमोस' म्हणतात. त्यांची यादी आधी जाहीर होते. आपला गाडी क्रमांक त्यात आहे का ते आदल्या संध्याकाळी बघा. नसेल तर काउंटरवर दुसऱ्या गाडीत बदल किंवा पूर्ण पैसे मागा, आणि हे सकाळच्या गर्दीआधीच उरकून घ्या. विमानतळाकडे जायची गाडी असेल, तर त्याच संध्याकाळी बसचं तिकीट काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळे तिकडेच धावतात.